रक्ताचा दाखला

आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर सेंगलाचं दुकान आहे. तांदळाच्या शेवया, वर टोमॅटो आणि डुकराच्या मांसाचा लाल रस्सा, शेजारी चिरलेला कोबी. सकाळी नऊच्या आत पातेलं रिकामं होतं. सेंगलाला एचआयव्ही आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण ती स्वतःच सांगते. रश्शात मीठ कमी पडलंय हे जितक्या सहज सांगावं, तितक्याच सहज.

पण हे दिवस यायला फार वर्षं लागली. मी तिच्या समोरच्या घरात राहते, गावची आरोग्य स्वयंसेविका आहे, म्हणून सगळं जवळून पाहिलं आहे. तिचा नवरा खामपान दक्षिणेत मासेमारीच्या बोटींवर कामाला होता. परत आला तो काडी होऊन. त्या काळात आमच्या भागात इतकी तरणी माणसं जात होती की सरणाची लाकडं पुरत नव्हती. खामपान गेला तेव्हा सेंगलाने रीतीप्रमाणे तीन दिवसांचा स्वयंपाक केला. लोक आले, हात जोडले, पाणीसुद्धा न पिता परत गेले. मी शेजारीण, मला तसं जाता येईना. मी डबा भरून घरी आणला आणि अंगणाच्या कोपऱ्यात बदकांना घातला.

पुढे सेंगलाचंही रक्त तपासलं. दुकान बसलं. दोन वर्षं तिच्या हातचं कोणी खाल्लं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दर बुधवारी असे लोक जमायचे, तिथे ती जायला लागली. सुरुवातीला चाळीसजण होते. औषधं आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातले अकरा उरले. ही औषधं गरिबाच्या फुकट उपचारांच्या सरकारी कार्डावर मिळावीत म्हणून राजधानीत जाऊन मंत्रालयासमोर बसलेल्यांत सेंगला होती. तीन दिवस चटईवर बसून ती मिरच्या निवडत होती म्हणे. हात रिकामे राहिले की तिला रडू यायचं.

एवढी शूर बाई, पण माइकला घाबरायची. कोणी बोलायला सांगितलं की ती माइक शेजारच्याच्या हातात द्यायची. बुधवारच्या गटातही ती चहा करायची, सतरंजी घालायची आणि इतरांना बोलायला लावायची.

गेल्या निवडणुकीच्या वर्षी ऑक्टोबरात इम तिच्याकडे आली. इम सत्तावीस वर्षांची मुलगी. आई-बाप लहानपणीच गेले, आजीने वाढवली. ती जन्मतःच तो आजार घेऊन आली होती, आठव्या वर्षापासून औषध घेत होती. पण हे आजी, सेंगला, दवाखान्यातले लोक आणि मी एवढ्यांनाच ठाऊक. गावाला आजीने थॅलसेमिया सांगून ठेवला होता. थॅलसेमिया आमच्याकडे घरटी एकाला असतो, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही.

इम बालवाडीत मदतनीस होती. चार वर्षं मुलांना भरवणं, निजवणं, शेंबूड पुसणं हेच तिचं काम, आणि मुलं तिच्या अंगाखांद्यावर असायची. आमच्या बारा गावांची मिळून एक परिषद आहे. रस्ते, कचरा, पाणी, बालवाडी सगळं तिच्या हाती. दर वर्षी मदतनिसांचा करार तीच नवा करते. त्या वर्षी कराराबरोबर एक नवा फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं, डॉक्टरांकडून रक्ताचा दाखला आणावा, कोणकोणत्या आजारांचा तेही खाली लिहिलेलं. इमने फॉर्म घरी आणला, आठ दिवस उशीखाली ठेवला आणि मग कार्यालयात जाऊन सांगितलं की आजीची तब्येत बरी नसते, मला काम सोडायचंय.

सेंगला कांदे सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आजीला काय सांगितलंस?"

"सुट्टी आहे म्हणून."

"किती दिवसांची?"

  इमने खाली बसून उरलेले कांदे सोलले आणि गेली. त्या दुपारी सेंगला माझ्याकडे आली, तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. म्हणाली, "फोंग, आपण इतकी माणसं सरणावर ठेवली आणि ही एक वाचवली. आता तिलाच घरात लपायला लावतायत."

बुधवारी गटात तिने विषय काढला, इमचं नाव न घेता. डॉक्टर म्हणाले की या दाखल्याला काही अर्थ नाही. जो नीट औषध घेतो त्याच्या रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही, आणि भरवण्या-निजवण्यातून तर तो कधीच जात नाही. कोणीतरी दुसरीकडचा फॉर्म जसाच्या तसा उतरवला असावा. मग प्रश्न असा आला की हे परिषदेला सांगायचं कसं. तक्रार केली तर पहिला सवाल येणार, तक्रार कोणाची? नाव सांगितलं की इमचं उघडं पडणार.

तेवढ्यात रस्त्याने भोंगा लावलेला पिकअप गेला. परिषदेची निवडणूक लागली होती. मधली आठ वर्षं ती सरकारने वरूनच थांबवलेली, त्यामुळे त्या नोव्हेंबरात उमेदवारांना नुसता ऊत आला होता. भात कापणाऱ्यांच्या मागे मागे बांधावरून धावत मतं मागत होते.

सेंगला म्हणाली, "एरवी यांच्या दारात जाऊन आपल्या चपला झिजतात. आता तेच दारोदार फिरतायत. तर आत्ताच धरू या."

गटाने एका कागदावर चार ओळी लिहिल्या. निवडून आलो तर नोकरीसाठी कोणाकडेही असा रक्ताचा दाखला मागणार नाही, आणि आधी घेतलेले दाखले ज्याचे त्याला परत करू. खाली सहीची जागा. परिषदेच्या प्रमुखाला आम्ही नायोक म्हणतो. नायोकपदाला तिघे उभे होते. तिघांकडे जायचं ठरलं. गटातली दोन माणसं आणि त्यांच्याबरोबर सेंगला आणि मी.

पहिला पोंगसाक. रस्त्याची कामं घेणारा तरुण कंत्राटदार. त्याने आम्हाला थंड पाणी दिलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि न वाचता सही ठोकली. आम्ही खूश होऊन बाहेर पडलो, तर फाटकात भेटलेल्या माणसाने सांगितलं की सकाळी त्याने देवळाजवळ गतिरोधक घालण्याच्या कागदावर सही केली, आणि दुपारी ते काढण्याच्या.

दुसऱ्या राम्पायबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडून आम्हाला सगळ्यात जास्त आशा होती, सेंगलाच्या त्या रोजच्या गिऱ्हाईक. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या की माझं मन तुमच्या बाजूने आहे, पण आईबापांची मतं फुटतील, निवडणूक होऊ दे मग बघू. सेंगला "बरं" म्हणाली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "मन बाजूने आहे आणि हात नाही. अशा बाजूचं करायचं काय?"

तिसरा इन्था, चालू नायोक. फॉर्म त्याच्याच काळात आला होता. तो वैतागलेला होता, कारण पाऊस लांबून त्याचं भात आडवं झालं होतं. म्हणाला, "सेंगलाताई, मी नाही बनवला तो फॉर्म. पण एकदा आलेला नियम काढला आणि उद्या काही झालं, तर लोक माझी मान धरतील. तुम्हाला कोणी त्रास दिला का? नाही ना? मग कशाला उकरता?"

परत येताना आम्ही दोघी कालव्याच्या बाजूने चालत आलो. का कोण जाणे, त्या बदकांचं मी तिला तेव्हा सांगितलं. पंचवीस वर्षं पोटात होतं. ती चालायची थांबली नाही.

"माहीत आहे," म्हणाली. "मी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, निदान बदकांनी तरी खाल्लं."

 थोडं चालून म्हणाली, "आता गप्प राहू नकोस म्हणजे झालं. रविवारी माझ्या शेजारी बस."

रविवारी देवळाच्या मंडपात तिन्ही उमेदवारांची सभा होती. मुख्याध्यापक सूत्रं सांभाळत होते. साथीचे दिवस, त्यामुळे खुर्च्या दूर दूर आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. इम आजीला घेऊन मागच्या रांगेत बसली होती. सेंगलाने तिला येऊ नको म्हणून बजावलं होतं, पण ती आली. पहिला तासभर रस्ते, पाणी आणि गतिरोधक झाले. मग मुख्याध्यापकांनी विचारलं की अजून कोणाला काही विचारायचंय का, आणि सेंगला उभी राहिली.

तिच्या हातात लिहिलेला कागद होता. पहिली ओळ तिने दोनदा वाचायला घेतली आणि दोनदा चुकली. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"मला एचआयव्ही आहे, तुम्हाला माहीत आहे. उद्या मला बालवाडीत स्वयंपाकाला जायचं असेल, तर हे तिघं मला घेतील का? की आधी रक्ताचा दाखला मागतील?"

 राम्पायबाई माणुसकीबद्दल बोलल्या, इन्था मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलला, आणि दोघांनीही हो किंवा नाही म्हटलं नाही. मग ट्रॅक्टर चालवणारा एक बाप उठला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "रागावू नका मावशी, पण लेकरांच्या तोंडचा घास आहे. भाजी चिरताना बोट कापलं तर?"

"बोट कापलं तर भाजी टाकून देते मी. तुझी बायको काय करते, तशीच फोडणीला टाकते?"

लोक हसले. मी उठून डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, की जेवणातून हा आजार जात नाही. उगाच मोठ्याने बोलले, पण बोलले. सगळं बरं चाललंय असं वाटत होतं, तोच एक तरुण आई उठली. तिच्या मनात काहीच नव्हतं. ती म्हणाली, "दाखल्यावरून आठवलं. आमची इमताई का गेली? पोरगी रोज सकाळी तिच्यासाठी रडते. तिने दाखला दिला नाही असं ऐकलं."

माना वळायला लागल्या. मास्कवर इमचे फक्त डोळे दिसत होते आणि ते जमिनीवर होते. आजीने तिचं मनगट धरलं होतं.  आपण तिला झाकायला निघालो आणि आपणच चव्हाट्यावर आणलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सेंगलाने माइक सोडला नव्हता.

"नाही दिला. मीच तिला म्हटलं, देऊ नको." हे खोटं होतं. तिने डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं. "का म्हणाल तर, तो कागद दवाखान्यातून निघाला की जातो कुठे? परिषदेच्या कार्यालयात. तिथे कोणाच्या टेबलावर?"

सगळ्यांना ठाऊक होतं. वांदीच्या. वांदी कार्यालयातली कारकून, दुसऱ्या रांगेत बसली होती.

"वांदी माझ्या भाचीसारखी आहे, रोज माझ्याकडे जेवते. कामाला चोख. पण तिला सोमवारी कळलेलं मंगळवारी मासळीच्या गाळ्यावर कळतं. ती नाही म्हणणार नाही. काय ग वांदी?"

वांदीने पदरात तोंड लपवावं तसं दोन्ही हातांनी मास्क वर ओढला. मंडप हसून हसून वाकला. सेंगला हसली नाही.

"माझं सोडा, माझं सगळ्यांना माहीतच आहे. पण तुमचं? साखर किती, यकृताला सूज किती, तरुणपणी कुठला आजार घेऊन आलात, सगळं रक्तात असतं. आज बालवाडीच्या पोरीकडे मागितला, उद्या कचऱ्याच्या गाडीवाल्याकडे मागतील, परवा तुमच्याकडे. ज्यांना आपल्या रक्ताचा कागद वांदीच्या टेबलावर हवाय, त्यांनी हात वर करा."

ट्रॅक्टरवाल्याने हात मांडीखाली घातले. कोणाचाच हात वर गेला नाही. मग ती उमेदवारांकडे वळली.

"आणि तुम्ही? तुम्ही तर बारा गावांचे मालक होणार. तुम्ही दिलात का दाखला?"

पोंगसाकने सवयीने हात वर केला. त्याच्या बायकोने पुढच्या रांगेतून उठून तो खाली ओढला. त्यानंतर सभा काही आवरली नाही. माणसं आपसांत बोलायला लागली, म्हातारे वांदीला आपापल्या जुन्या गोष्टी काढून चिडवायला लागले, आणि इमकडे बघायचं कोणाला सुचलंच नाही. इम का गेली याचं उत्तर लोकांना मिळालं होतं, आणि ते त्यांना पटण्यासारखं होतं. शहाणी मुलगी, वांदीला घाबरली.

सभा संपल्यावर राम्पायबाई स्वतः आल्या आणि कागद मागून सही केली. इन्था मात्र आमच्या बाजूने न जाता मागच्या दाराने निघून गेला.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कुठल्याशा पिकअपवरून कोणी ओरडत गेलं की मुलांजवळ रोगी माणसं ज्यांना हवी असतील त्यांनी शिक्षिकेला मत द्यावं. कोणाचा पिकअप ते कळलं नाही. सेंगलाच्या दुकानात पुढच्या दोन दिवसांत गिऱ्हाईक जरा कमी झालं, आणि पातेलं दुपारपर्यंत उरलं.  मी मात्र दोन्ही दिवस दोन-दोन वाट्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं.

मतमोजणी शाळेत झाली. फळ्यावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे वाढत गेले. राम्पायबाई एकेचाळीस मतांनी पडल्या. इन्था पुन्हा नायोक झाला. आम्ही शाळेच्या फाटकात उभ्या होतो. इम म्हणाली, "जाऊ द्या मावशी, मी शहरात कारखान्यात बघते."  सेंगला घरी जाऊन आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मी वाईट केलं का ग? गप्प बसले असते तर इन्थाला पुढेमागे एकटं गाठून समजावता आलं असतं."

 पुढचा महिनाभर ती अशीच होती. रस्सा तोच, पण रात्र रात्र तिच्या वरच्या खिडकीत दिवा दिसायचा.

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी इन्था दुकानात आला. थंडी होती, त्याने लोकरी टोपी घातली होती. एक वाटी मागितली, भिंतीजवळच्या टेबलावर बसून शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ली. मग सेंगलाला समोर बसायला सांगितलं. मी भांडी विसळत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, त्या सभेनंतर मी बारा गावं फिरलो. मला वाटलं लोक रस्त्याचं विचारतील. जिथे जावं तिथे एकच. नायोक, आमच्या रक्ताचे कागद तुमच्या कार्यालयात कोण ठेवतं? माझ्या सख्ख्या सासूने विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? जाऊन कपाट उघडलं. सतराजणांचे दाखले. कचऱ्याच्या गाडीवाल्याचा, पाणीवाल्याचा, सगळ्यांचे. कपाटाला कुलूपसुद्धा नाही. त्यात एक माझ्या पुतण्याचा." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "काय लिहिलं होतं ते सांगत नाही. पण मी तो वाचायला नको होता. त्याने मला सांगितलेलं नव्हतं."

सेंगलाने त्याची वाटी उचलली. तिने पुतण्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "बुधवारी सकाळी आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात असतो. चहा असतो. त्याला सांग, नुसता चहाला आला तरी चालेल."

जानेवारीत नव्या परिषदेची पहिली बैठक झाली. बैठकीला गावकऱ्यांना बसता येतं, पण एरवी कोणी जात नाही. त्या दिवशी मागचे दोन बाक आमच्या गटाने भरले होते. इन्थाने आपली कामं वाचून दाखवली, आणि सातव्या क्रमांकावर ते आलं. दाखल्याची अट रद्द, जुने दाखले ज्याचे त्याला परत. बारापैकी नऊ हात वर गेले, एक विरोधात, दोन कुठेच नाहीत. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. सेंगला शेजारी बसून बोटं मोजत होती. नऊ झाले तरी मोजत राहिली. मी तिचा हात धरून खाली ठेवला.

वांदीने सतरा पाकिटं स्वतः घरोघरी नेऊन दिली, चिकटपट्टी लावून. एकाचंही तोंड उघडं नव्हतं. पाणीवाल्याने आपलं पाकीट भाताच्या पेंढ्याबरोबर जाळलं, कचऱ्याच्या गाडीवाल्याने म्हणे पुरून टाकलं. बुधवारी एक नवा मुलगा व्हरांड्यात आला, कोपऱ्यात बसून दोन कप चहा प्याला आणि काही न बोलता गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा आला.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी इम बालवाडीत रुजू झाली. आजीला तिने सुट्टी संपली असं सांगितलं, आणि सभेत सगळं ऐकलेल्या आजीनेही काही ठाऊक नसल्यासारखं बरं म्हटलं. मी फाटकाबाहेर उभी होते. आत एक पोरगी तिच्या पायाला मिठी मारून बसली होती, दुसरी रागाने तोंड फिरवून, की इतके दिवस होतीस कुठे. इम हसत होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंगलाचं दुकान उघडलं नाही. सात वाजले, आठ वाजले, गिऱ्हाइकं बाकावर बसून गेली.  एवढी वर्षं औषध घेणारं माणूस, मनात नको ते येतंच. मी धावत जाऊन तिचं दार वाजवलं, वरच्या खिडकीखाली उभी राहून हाका मारल्या. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली. केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ.

"काय झालं ग?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "कितीतरी महिन्यांनी झोप लागली होती." आणि मी अजून तिथेच उभी आहे हे बघून तिने खिडकी हळूच लावून घेतली, पुन्हा झोपायला.